अजगराचा आकडा

खरं तर धाकटा त्या लॅबमध्ये गेला होता तो फक्त ताईची बॅग धरायला. हे काम तो कित्येक वर्षं इमानेइतबारे करत आला होता. ताई पळायची, बाबा घड्याळ धरायचे, आई डोकं धरायची आणि धाकटा बॅग धरायचा. घरात रिकाम्या हाताचं कोणी नव्हतं.

त्या दिवशी ताईची चाचणी होती. नाकातोंडावर घट्ट मास्क बांधायचा, मास्कची नळी मशीनला जोडायची आणि पळत्या पट्ट्यावर पळत सुटायचं. दर मिनिटाला पट्टा आपलं नाक थोडं थोडं वर उचलतो आणि सपाट रस्त्याचा चढ होत जातो. मास्क लावलेल्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून समोर एक तक्ता टांगलेला असतो. 'सोपं', 'बरं', 'कठीण', 'फार कठीण', 'आता पुरे'. आपण बोट दाखवायचं. शेवटी माणसाचा जीव मेटाकुटीला आला की मशीन एक आकडा सांगतं. हे शरीर दर किलोमागे एका मिनिटात जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं, ते सांगणारा तो आकडा.

ताईचा आला चोपन्न.

लॅबच्या मॅडमच्या कपाळावर आठ्या पडल्या. "तुझ्या शर्यतीतल्या वेळा बघता साठीच्या वर यायला हवा होता. मशीन नाटकं करतंय वाटतं. एखादा साधारण माणूस चढवून बघू या." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. खोलीत साधारण माणूस एकच होता, आणि तो बॅग मांडीवर घेऊन पेंगत होता.

"काय करता तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"लिफ्ट दुरुस्त करतो."

"आणि व्यायाम?"

"झोप."

"छान. पस्तीस-चाळीस आला म्हणजे मशीन ठीक."

आला एकाहत्तर.

मॅडमनी मशीन बंद करून चालू केलं. सिलिंडरमधल्या मोजून भरलेल्या हवेवर तपासून पाहिलं. मशीन बिचारं अगदी बरोबर होतं. दोन दिवसांनी दोघा भावंडांना परत बोलावलं. ताई चोपन्न, धाकटा एकाहत्तर. मॅडम खुर्चीत बसल्या आणि धाकट्याकडे अशा पाहू लागल्या, जसं कोणी भंगारात विमान सापडल्यावर पाहील.

"तुम्ही दिवसाला किती जिने चढता?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, मी जातो तिथली लिफ्ट बंदच असते," धाकटा म्हणाला. "चालू असती तर मला कशाला बोलावतील?"

बारा वर्षं हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन तो उंच उंच इमारतींचे जिने चढत होता. त्यानं हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंही नव्हतं.

*

घरी बाबांनी तो आकडा ऐकला आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग तो कप उचलला आणि धाकट्यापुढे ठेवला.

याचं महत्त्व कळायला बाबा कळायला हवेत. तीस वर्षं ते शाळेत खेळाचे शिक्षक होते, आणि निवृत्त झाल्यावर पळणाऱ्यांचा क्लब चालवत होते. सगळं गाव त्यांना घड्याळसर म्हणायचं. शर्यत संपते त्या रेषेपाशी एक बुटकं स्टूल टाकून ते बसत. एक डोळा घड्याळावर, दुसरा जमिनीवर. पळणाऱ्याचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही. "तोंड खोटं बोलतं, पाय बोलत नाहीत," ते म्हणायचे. नुसत्या पायांवरून ते आपला कुठलाही विद्यार्थी ओळखत. बाजारात विद्यार्थी भेटला, तर आधी खाली बघत आणि मग नाव घेत.

अशा माणसाच्या पोटी धाकटा जन्मला होता. जेवून उठला की आडवा व्हायचा, म्हणून बाबांनी त्याचं नाव 'अजगर' ठेवलं होतं. गेल्या कित्येक वर्षांत बाबा त्याच्याशी बोलले ते एवढंच: "अजगर, ऊठ, पाय आवर, मला जायचंय."

"एकाहत्तर," बाबा आता म्हणत होते. "माझ्या घरात. माझ्या सोफ्यावर. एकाहत्तर लोळत होते आणि मला पत्ता नाही!"

"त्याच्या पाठीखाली तो टीव्हीचा रिमोटही आहे," आई म्हणाली. "तोही दोन दिवस सापडत नाहीये."

 ताई पायाची नखं कापत बसली होती. पळणाऱ्यांना नखं फार जपावी लागतात.

घोडं पेंड खात होतं ते पुढेच. मॅडमच्या लॅबतर्फे वर्षभराचं प्रशिक्षण शिबिर भरणार होतं. राहणं, खाणं, मोठे प्रशिक्षक, परदेशातल्या शर्यती. प्रत्येक क्लबाला जागा एक. घड्याळसरांच्या क्लबातून कोण जाणार, हे भिंतीवरच्या पालीलाही ठाऊक होतं. ताई जाणार होती. अकरा वर्षं ती पहाटे उठत होती ती ह्याचसाठी, आणि वयाच्या हिशोबाने तिला ही शेवटची संधी होती.

"नाव मला द्यायचंय," बाबा हळूच म्हणाले. "आणि चोपन्न आणि एकाहत्तर यांत मी डोळेझाक कशी करू?"

"बाबा, मला नकोय ते," धाकटा म्हणाला. "मला पळता येत नाही."

"पळता येत नाही म्हणे! इंजिन विमानाचं आणि म्हणतो मी हातगाडी आहे."

"ताईच तर पळते ना, बाबा! मी बॅग धरतो!"

"तेच तर माझं चुकलं," बाबांचा आवाज चक्क कातर झाला. "मी तुझ्या हातात बॅग दिली."

तेव्हा ताईनं नेलकटर कापडानं पुसून ठेवलं. "पुढच्या रविवारी अर्ध मॅरेथॉन आहे," ती म्हणाली. "आम्ही दोघंही पळतो. जो आधी येईल त्याचं नाव द्या."

बाबांना हे पटलं. धाकट्याला तर फारच पटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर अशी जबाबदारी आली होती, जी तो डोळे मिटून पार पाडू शकत होता. त्याला फक्त ताईच्या मागून यायचं होतं. हे तो जन्मल्यापासून करत आला होता.

"मुद्दाम हळू पळू नकोस हं," रात्री जेवताना ताई त्याच्या कानात म्हणाली. "जीव तोडून पळ. नाहीतर म्हणतील, अजगरानं बहिणीवर दया केली."

"ताई, माझ्या जीव तोडण्यात आणि न तोडण्यात फार फरक नसतो."

"तरीपण."

*

मग आठवडाभर विलक्षण प्रकार सुरू झाला. बाबांनी धाकट्याला सराव करू दिला नाही. "आकडा आलेला आहे," ते म्हणाले. "आता तो वापरून झिजवायचा नाही." त्यांनी त्याच्या कामावर फोन करून रजा टाकली. जो बाप इतकी वर्षं 'ऊठ' म्हणून ओरडत होता तो आता धाकटा उठला की ओरडायचा, "आडवा हो! पायांवर उभा काय राहतोस, मूर्खा!" पाणी हवं असलं तरी बाबा स्वतः आणून द्यायचे. सोफ्याला हल्ली चादर असायची. धाकट्याला कधीकधी वाटायचं, हे असंच चालू राहिलं तर काय हरकत आहे? आणि मग त्याला ताई दाराशी बुटाच्या नाड्या बांधताना दिसायची आणि तो भिंतीकडे तोंड करून कूस बदलायचा.

बाबांनी त्याला बूट आणले. भडक नारिंगी. "एक मैलावरून ओळखीन," ते म्हणाले. दुकानदारानं सांगितलं होतं की सध्या हेच फार खपतायत. ते बाबांनी कौतुकानं सांगितलं, आणि त्याचा अर्थ कोणाच्याच डोक्यात शिरला नाही.

मॅडमनी आकड्यांवरून दोघांच्या वेळा काढून दिल्या. ताईला एक तास पंचवीस मिनिटं लागावीत, धाकट्याला एक तास आठ. बाबांनी 'एक-आठ' हे तळहातावर पेनानं लिहून घेतलं.

"पण मॅडम," धाकट्यानं फोनवर हळू आवाजात विचारलं, "ताई तर याच्यापेक्षा बरीच लवकर येते. मग आकडा कशाचा?"

"असं बघा," मॅडम म्हणाल्या, "तो आकडा म्हणजे पगार. तुमचा पगार मोठा आहे. पण प्रत्येक पावलाला तुम्ही खर्च किती करता आणि पगार किती वेळ पुरवता, ते वेगळं. तुमची ताई काटकसरी आहे. थोडक्यात संसार करते."

"आणि मी?"

"तुम्हाला मी सपाट रस्त्यावर पाहिलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण एकाहत्तर आहे हो! माणूस किती उधळेल?"

धाकटा किती उधळतो हे मॅडमना माहीत नव्हतं.

*

रविवारी बंदूक उडाली आणि पहिल्या वळणालाच धाकट्याला सगळं समजलं. त्याचं शरीर वर जायला शिकलं होतं, पुढे जायला नाही. प्रत्येक पावलाला तो वीतभर हवेत जात होता आणि जवळजवळ त्याच जागी खाली येत होता. बारा वर्षांत त्याच्या प्रत्येक पावलाखाली एक पायरी आलेली होती. आज ती येत नव्हती. सुरुवातीचा दम भरपूर होता, पण तो सगळा आकाशाकडे चालला होता.

"दादा, झाडावरचं काही काढायचंय का?" एक पोटसुटे काका शेजारून जाताना म्हणाले, आणि पुढे निघून गेले.

ताई केव्हाच दिसेनाशी झाली होती. ती पळते तेव्हा तिचं डोकं कपाटावर ठेवलेल्या मडक्यासारखं स्थिर असतं, खाली नुसते पाय हलतात. ते आठवून धाकट्याला बरं वाटलं. चला, काम होतंय. तरी त्यानं ताईला दिलेला शब्द पाळला. जीव तोडला. अर्ध्या वाटेवर पोटऱ्यांत गोळे आले, त्यानंतर तो चालला, मग परत पळाला, मग कसल्यातरी खांबाला मिठी मारून उभा राहिला. पाणी वाटणाऱ्या बाईनं त्याला दोन पेले दिले आणि तिसरा त्याच्या डोक्यावर ओतला. न विचारता.

तो पोचला तेव्हा दोन तास सहा मिनिटं झाली होती. शेवटच्या कमानीची हवा काढायचं काम सुरू होतं, त्यामुळे ती त्याच्या अंगावरच बसली. तिच्याखालून रांगत त्यानं रेषा ओलांडली, आणि अत्यंत समाधानानं मान वर करून बाबांना शोधलं.

स्टूल होतं. बाबा नव्हते.

*

घरी दार उघडलं तर आत वीसेक माणसं. क्लबातली पोरं, शेजारचे, खालचा वॉचमनसुद्धा. धाकटा आत आला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याला वाटलं, जिवंत परत आलो म्हणून असेल.

बाबा पुढे आले. त्यांनी घड्याळ त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. एक तास, आठ मिनिटं आणि वर थोडे सेकंद.

"हे काय?" धाकटा म्हणाला.

"तू!" बाबा म्हणाले. "बरोब्बर एक-आठला मी जमिनीकडे पाहिलं आणि नारिंगी बूट रेषेवरून गेले! असे गेले की मी मान वर करेपर्यंत तू गर्दीत गडप. मी तिथूनच शिबिराला फोन करून तुझं नाव दिलं आणि मिठाई आणायला पळालो."

"बाबा, तो मी नव्हतो. ते बूट अर्ध्या शर्यतीनं घातले होते."

"पाहिलंत?" बाबा मंडळींकडे वळले. "आणि नम्र पण आहे."

धाकट्यानं मोबाईलवर निकाल काढला. दोन तास सहा मिनिटं, त्याच्या नावापुढे. बाबांनी चष्मा लावून तो वाचला. "चिप बिघडली असेल. मशीनचा काय भरवसा?"

"लॅबमधलंही मशीनच होतं ना?"

"ते किती मोठं होतं!"

मॅडमचा फोन आला. त्यांनी काढलेल्या वेळेशी वीस सेकंदांच्या आत गणित जुळलं होतं आणि त्या आनंदानं जवळजवळ रडत होत्या. धाकट्यानं सगळं खरं सांगितलं. "थकव्यानं असे भ्रम होतात कधीकधी," मॅडम प्रेमानं म्हणाल्या. "मीठ-साखरेचं पाणी घ्या. आणि नाव एकदा दिलं की बदलता येत नाही बरं का. शिबिराच्या प्रवेश चाचणीत पुरुषांना साठ लागतात, बायकांना पन्नास. तुम्ही साठच्या खाली आलात तरच क्लबातल्या दुसऱ्याला जागा जाते. पण तुम्ही कशाला येताय साठच्या खाली!"

ताई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. अंगात अजून पळायचाच टी-शर्ट होता आणि मांडीवर स्वतःची बॅग. ती बायकांत दुसरी आली होती. गर्दी पांगेपर्यंत ती थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "मी कितीला आले?"

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. घड्याळात एक-आठच होतं. ते पुढची बटणं दाबत राहिले, जणू आतमध्ये कुठेतरी तिची वेळ ठेवलेली असेल. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं की ताई रेषेवर आली आणि स्टुलावर कोणी नाही.

"तुझं काय," बाबा शेवटी म्हणाले. "तुझं ठरलेलंच असतं."

"एक-एकोणीस," ताई म्हणाली. "माझी सगळ्यात चांगली."

"बरं," बाबा म्हणाले. "बरं, बरं." आणि ते मिठाईचा रिकामा खोका घडी करत बसले. खोका घडी होण्यासारखा नव्हता.

*

धाकट्याचा बेत साधा होता. प्रवेश चाचणीच्या आदल्या दिवशी तो पोटाला तडस लागेपर्यंत जेवला. रात्रभर टीव्ही पाहिला. शिवाय पट्ट्याच्या बाजूला एक मोठं लाल बटण असतं, ते त्याला ठाऊक होतं. ते दाबलं की पट्टा थांबतो. चढायचं, पाच मिनिटं पळायचं, बटण दाबायचं आणि साठच्या खाली उतरून ताईला जागा द्यायची. बाबा चार दिवस बोलणार नाहीत. नाही बोलले तर नाही. सवय होती.

"आणि आता तरी जीव तोडू नकोस," ताई लॅबच्या पायऱ्या चढताना म्हणाली. तिनं त्याची बॅग धरली होती. तसं कोणी तिला सांगितलं नव्हतं. कोणीतरी धरायला हवी होती म्हणून तिनं धरली.

"बटण," धाकटा म्हणाला.

"बटण," ताई म्हणाली, आणि त्या दोघांना हसू आलं.

मास्क बसला. बाबांनी स्वतः त्याचे पट्टे आवळले. पट्टा फिरू लागला. सुरुवातीला सगळं ठरल्याप्रमाणे वाईट होतं. धाकटा उड्या मारत होता आणि मॅडमच्या कपाळावर एक छोटीशी आठी उगवली होती. मग पट्ट्यानं नाक वर उचललं. थोडंसं. आणखी थोडं. धाकट्याच्या पायाखाली ती हरवलेली पायरी आली. पाय खूश झाले. कुठल्यातरी इमारतीत बाराव्या मजल्यावर लिफ्ट अडकली आहे आणि आत कोणी वाट बघतंय, असे ते निघाले.

पाच मिनिटं झाली. धाकट्यानं हात लाल बटणाकडे नेला.

त्या हातावर दुसरा हात येऊन बसला. बाबांचा. त्यांनी त्याची बोटं घट्ट धरली, बटणावरून उचलली आणि आपल्या हातात घेतली.

"घाबरू नकोस," बाबा म्हणाले. "मी आहे."

धाकट्यानं मास्कच्या आतून काहीतरी ओरडून सांगितलं. बाहेर नुसती वाफ आली. त्यानं दुसऱ्या हातानं तक्त्यावर बोट ठेवलं. 'आता पुरे'.

"असंच वाटतं," बाबा म्हणाले. "सगळ्यांना असंच वाटतं. पुढे जा."

आणि मग एक गोष्ट झाली. बाबांनी पायांकडे पाहणं सोडलं. त्यांनी मान वर केली आणि धाकट्याच्या तोंडाकडे पाहिलं. मास्कच्या वर जे काही उरलं होतं, तेवढ्याकडे. डोळ्यांकडे. लहानपणापासून त्या डोळ्यांकडे त्यांनी कधी पाहिलं होतं का, हे धाकट्याला आठवेना. बाबांचे स्वतःचे डोळे पाणावले होते.

आता एक पाऊल उशिरा टाकलं असतं तरी चाललं असतं. गुडघे सोडून दिले असते तरी चाललं असतं. धाकट्यानं पायांना सांगितलं, थांबा रे. ते ऐकेनात. की त्यानं पुरेसं जोरात सांगितलंच नाही, हे त्याला पुढेही कधी नक्की ठरवता आलं नाही.

पलीकडे, भिंतीला टेकून, ताई त्याची बॅग मांडीवर घेऊन बसली होती. ती बटणाकडे पाहत होती. मग तिनं बटणाकडे पाहणं सोडलं, बॅगेचा उघडा राहिलेला कप्पा नीट बंद केला आणि त्याचे घरचे बूट बाहेर काढून जोडीनं खाली मांडून ठेवले, म्हणजे उतरल्यावर त्याला शोधावे लागू नयेत.

"चौसष्ट," मॅडम वाचत होत्या. "सहासष्ट. अडुसष्ट. वा!"

पट्ट्यानं नाक आणखी वर उचललं.